दिवेलागणीला वीस मिनिटं ओट्यावर बसले तर घर विचारतं, "बरं नाही का?"

औशाची सून

नमस्कार. दोन वर्षांपासून इथं नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदा बसले.

आमचं गाव औसा तालुक्यात. घरात सासूबाई, हे, मी आणि कॉलेजला जाणारी थोरली. धाकटा लातूरला खोली करून नीटची तयारी करतोय. पोळ्याच्या आसपास सासूबाईंच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आणताना सिस्टरनी बजावलं होतं, दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतील. तेव्हापासून रात्री माझा मोबाइल अकराला वाजतो, एकला वाजतो, तीनला वाजतो, पाचला वाजतो. पाचला उठलं की परत काय झोपायचं, भाकरी टाकायच्या असतात.

सासूबाईंबद्दल माझी तक्रार नाही. धाकट्याच्या वेळी माझी माय आजारी होती तर बाळंतपण त्यांनीच काढलं. ते मी विसरणार नाही.

पण दिवाळीनंतर मला काहीतरी व्हायला लागलं. पीठ मळता मळता डोळ्यांतून पाणी यायचं. काय झालं म्हणावं तर काहीच झालेलं नसायचं. कुणी मोठ्यानं हाक मारली की छातीत धडधड. धाकट्याचा फोन नको वाटायचा, आणि लेकराचा फोन नको वाटला म्हणून पुन्हा जीव तुटायचा. एकदा वरणात मीठ जास्त पडलं म्हणून लेक काहीतरी बोलली, तर मी हातातलं ताट भिंतीवर फेकलं. माझ्या हातून असं आयुष्यात झालं नव्हतं. लेक त्या रात्री जेवली नाही, मीही नाही.

त्यानंतर मी एक सुरू केलं. तुळशीपाशी दिवा लावला की आत जायचं नाही, ओट्यावर बसायचं. वीस मिनिटं. फोन आत. हातात काही नाही, शेंगासुद्धा फोडायला घेत नाही. समोरच्या लिंबावर साळुंक्या गलका करतात, तो ऐकते. तेवढ्यावर रात्र निघते.

पण पहिल्या दिवसापासून घरातलं प्रत्येकजण विचारतंय, बरं नाही का? जाऊबाई म्हणाल्या, "आज निवांत दिसालीस." बाई आजारी असेल तरच बसते, असाच हिशोब आहे आपल्याकडं. मलाही आत चोरी केल्यासारखं वाटतं, कुणी आलं की पटकन उठते.

तुम्ही कुणी असा वेळ ठेवता का? घरच्यांना कसं सांगितलं? आणि हे चोरीसारखं वाटणं जातं का कधी?

जिंतूरकर

ताई, तुमच्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण एक बोलतो, रागावू नका. हे स्वतःसाठी वेळ काढा, मनाला जपा, असलं सगळं अलीकडं मोबाइलवर फार चाललंय. आमच्याकडं ज्या बाया सकाळी सातला खुरपायला जातात आणि संध्याकाळी सरपण घेऊन येतात, त्यांना हे सांगून बघा. ज्याच्या घरी दाणा आहे त्यानं मनाचं बोलावं. आधी पाणी, मजुरी, दवाखाना. मन नंतर.

कोयत्याची लेक

जिंतूरकर दादा, मी धारूर तालुक्यातली. आई-वडील वीस वर्षं ऊसतोडीला गेले. दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन निघायचं आणि उन्हाळ्यात परत यायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मी पण सात वर्षांची होईपर्यंत फडावर, कोपीत म्हणजे झोपडीतच राहिले. त्यामुळं मला यावर बोलू द्या.

आई पहाटे तीनला उठायची. चूल, भाकरी, पाणी आणि अंधारातच फडात. दिवसभर वाकून मोळ्या. गाडी भरायची वेळ रात्री कधीही यायची. अशा बाईला मन नसतं का? तुम्ही म्हणता दाणा आधी. पण मी एक बघितलंय. आई दिवसातून दोनदा मिश्री लावायला बसायची. कोपीच्या मागं, उकिडवी, भिंतीकडं तोंड करून. दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत तिला कुणी हाक मारायचं नाही. माझे वडीलसुद्धा नाही. मी गेले तरी हातानं "थांब" म्हणायची.

मोठी झाल्यावर मला कळलं, तिला तंबाखूइतकीच त्या दहा मिनिटांची सवय लागली होती. नुसती बसली असती तर कुणी बसू दिलं नसतं. मिश्रीचं निमित्त होतं म्हणून चालायचं. त्या निमित्तापायी तिचं तोंड आता उघडत नाही. दोन बोटं जेमतेम जातात. भाकरी दुधात कुस्करून खाते. तपासण्या चालू आहेत.

म्हणून ताई, तुम्ही कुठलंही निमित्त न करता बसता ते फार मोलाचं आहे. कृपा करून सोडू नका. कुणी विचारलं तर "बसले" म्हणा. एवढंच म्हणा.

जिंतूरकर

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. माझी आईपण मिश्री लावते. तिच्याकडं मी असं कधी बघितलंच नव्हतं. मजुरीचं म्हणणं माझं कायम आहे, पण मन नंतर म्हणालो ते मागं घेतो.

समुपदेशक, नांदेड

मी सरकारी दवाखान्यात समुपदेशनाचं काम करते. औशाच्या ताई, तुम्ही लिहिलंय ते वाचून आधी तुमच्या झोपेबद्दल बोलते.

झोपेचं एक आवर्तन साधारण दीड तासाचं असतं. रात्रीतून अशी चार-पाच झाली तर मेंदू सावरतो. तुम्ही महिनोन् महिने दर दोन तासांनी उठताय, म्हणजे एक आवर्तन पुरं होतं न होतं तोच गजर. अशा माणसाला विनाकारण रडू येणं, आवाजानं दचकणं, अंगावर धावून जाणं हे होणारच. तुम्ही वाईट झालात म्हणून ते ताट फेकलं गेलं नाही. लेकीला हे समजावून सांगा, तिलाही ओझं झालं असेल.

दुसरं, आधी शरीर तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. तुमचं वय लिहिलं नाहीत, पण पाळी जाण्याच्या आसपासचं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. आपल्याकडं बायका रक्त कमी असताना वर्षानुवर्षं ओढत राहतात आणि त्या थकव्याला स्वभाव म्हणतात.

तिसरं, वीस मिनिटांचा ओटा चांगला आहे, ठेवाच. पण त्यानं झोपेची भरपाई होणार नाही. रात्रीची पाळी वाटून घ्या. अकरा आणि एकची कूस एकानं, तीन आणि पाचची दुसऱ्यानं. म्हणजे दोघांनाही सलग चार तास मिळतात. सासूबाईंखाली एक आडवी चादर कायम घालून ठेवा, तिचे टोक धरून ओढलं की एकट्या माणसालाही कूस बदलता येते. पाठीमागं उशी लावून थोडं कलतं ठेवलं तरी पुरतं, पूर्ण कुशीवर करायची गरज नसते. एअर बेड, म्हणजे पंपावर चालणारी हवेची गादी, मिळाला तर बघा. त्यानं जखमांचा धोका कमी होतो, मात्र कूस बदलणं बंद करायचं नाही.

आणि हे सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत राहिलं, कशातच जीव रमेना, अन्न गोड लागेना, तर मनोविकार विभागात दाखवा. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आहे. गोळ्या दिल्या तर दोन-चार आठवड्यांनी गुण दिसायला लागतो. चार दिवसांत सोडून देऊ नका आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंदही करू नका. जायला जमत नसेल तर १४४१६ वर फोन लावा. टेलि-मानस म्हणतात त्याला. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलं. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

औशाची सून

ताई, पाळी वाटून घेण्याचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आलं होतं, पण यांना उठवायची हिंमत झाली नाही. दिवसभर दुकानात उभे असतात. आणि आईची कूस मुलानं बदलायची, कपडे ओले झालेले असतात, त्यांनाही संकोच आणि सासूबाईंनाही. वय माझं ४७.

आजीचा नातू, परभणी

माझी आजी तीन वर्षांपासून खाटेवर आहे. मी तिला हा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली लिहून घे. तिचं जसंच्या तसं लिहितोय.

"बाई, मी तुझ्या सासूच्या जागी हाय. पडून राहणाऱ्याला सगळं दिसतं. सून रातच्याला उठती तव्हा तिच्या पायाच्या आवाजावरनं कळतं ती किती दमलीय ते. मला मुतायला लागलं तरी मी दम धरून ठिवते, तिला अजून थोडी झोपू दे म्हणून. त्यानं मलाच ताप आला दोनदा. लेकानं पयल्यांदा माझं लुगडं बदललं तव्हा मी तोंड फिरवून रडले. दुसऱ्या खेपंला नाही रडले. मी त्याचं लहानपणी केलंच की समदं. लाज आठ दिवस ऱ्हाती. सून मोडून पडली तर मग माझं कोण करणार? तुझ्या सासूला बोलता येत नसंल, तर तू इच्यार. हात दाबून हो-नाही सांगंल ती."

आजी दम धरते हे मला आजच कळलं. आईला सांगितलं. आम्ही आज तिच्या उशाशी घंटी बांधली.

बारावी रिपीट

काकू, मी पण लातूरला खोलीवर राहतो, तुमच्या मुलासारखाच. जास्त लिहीत नाही. आई रोज रात्री नऊला फोन करते आणि विचारते, आज टेस्टला किती पडले. ती माझ्यासाठी खूप करते, मला माहितीय. पण झोपलास का, जेवलास का, हे आधी विचारलं तर मी खरं सांगेन असं वाटतं. मार्क विचारले की मी खोटंच सांगतो. खोलीवर आम्ही तिघं आहोत, तिघंही सांगतो.

औशाची सून

बाळा, तुझं वाचलं आणि लगेच धाकट्याला फोन केला. टेस्टचं काहीच विचारलं नाही. जेवलास का म्हटलं. तो थोडा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "मम्मी, मेसची भाजी खाऊ वाटत नाही, चार दिवस झाले मी नुसता वडापाव खातोय." रविवारी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन जाणार आहे. तुझ्यासाठीही आणते, ट्यूशनच्या भागात कुठं राहतोस ते मला खासगी निरोपात कळव. आणि खोटं सांगत राहू नकोस रे, आईला एकदा हेच लिहून पाठव.

नवं गाव

तुमच्या ओट्यावरून मला आमचा जुना ओटा आठवला. मी किल्लारीच्या बाजूची. ३० सप्टेंबर १९९३ ला मी नऊ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती विसर्जन होतं, मोठी माणसं उशिरा झोपली होती. पहाटे चारच्या सुमाराला सगळं खाली आलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद. आजोबा आणि धाकटा भाऊ गेले.

मला त्या रात्रीबद्दल फार लिहायचं नाही. नंतरचं सांगते. सरकारनं नवी गावं वसवली. सिमेंटची घरं, सरळ रुंद रस्ते, घराघरांत मोकळी जागा. भूकंप आला तरी पडणार नाहीत अशी घरं, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. पण जुन्या गावात ओट्याला ओटा लागून होता. संध्याकाळी माझी माय, शेजारची मावशी, समोरची आत्या, तिघी बसायच्या. निवडणं-टिपणं चालायचं आणि तोंडानं सासर, माहेर, दुखणं-खुपणं. नव्या गावात त्या तिघी तीन गल्ल्यांत गेल्या. मायला भावाचं दुःख होतंच, पण ते बोलायची जागा पण गेली. ती कैक वर्षं आत झोपली नाही, पावसाळ्यातही पडवीत. दाराची कडी तर अजूनही लावू देत नाही. त्यावर कुणी तिच्याशी बोललं नाही. आम्हीही नाही. रडेल म्हणून.

दोन वर्षांपूर्वी मी धीर करून भावाचं नाव घेतलं. त्याला काय आवडायचं विचारलं. माय रडली, मग दीड तास बोलली. गुळाचा खडा घेऊन पळायचा म्हणाली. त्यानंतर दर महिन्याला मी गेले की ती आपणहून एखादी आठवण काढते. कडी अजून लावत नाही, ते असू दे.

औशाच्या वहिनी, तुम्ही एकट्या बसता ते बरोबरच. पण आठवड्यातून एकदा कुणाला तरी शेजारी बसवा. सल्ला देणारी नको, ऐकणारी हवी.

सीनाकाठ

मी गडी माणूस, इथं लिहावं का नाही विचार करत होतो. परंड्याकडचा हाय. सप्टेंबर २०२५ ला सीनेचं पाणी रानात शिरलं. सोयाबीन काढायला आलेलं. ते तर गेलंच, वरची मातीबी खरडून गेली. खाली नुसता मुरूम. पीक गेलं तर पुढच्या साली येतं, मातीचं काय करावं?

त्यानंतर मी पारावर जायचं सोडलं. चहाच्या हाटेलावर कुणी पंचनाम्याचं बोललं की उठून यायचो. घरी बायकोशी बोललो नाही, लेकरांवर नुसता खेकसायचो. रात्री रानात जाऊन बसायचो. बायकोला वाटायचं जनावरांपाशी हाय. माझ्या डोक्यात काय चालायचं ते लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या.

बायकोनंच गावातल्या आशाताईला सांगितलं. मला तव्हा लई राग आला होता. आशाताई आली, चहा घेतला आणि कागद काढून विचाराय लागली. झोप लागती का, भूक लागती का, जगून काय उपयोग असं मनात येतं का. आयुष्यात मला पयल्यांदा कुणी हे सरळ इचारलं. मी हो म्हणलो. एवढं हो म्हणल्यावरच अर्धं हलकं झालं बघा. तिनं धाराशिवला मोठ्या दवाखान्यात नेलं. पाच महिने गोळ्या चालू हायती. माती अजून भरायचीय. पण आता बायकोला सांगून रानात जातो आणि सांगितलेल्या टायमाला परत येतो.

ताई, तुमच्या मालकाला उठवा. आम्हाला कुणी काम सांगितलं नाही तर आम्हाला वाटतं आपली गरज नाही. मला बायकोनं परत धारा काढायला लावल्या तव्हा मला बरं वाटलं.

समुपदेशक, नांदेड

सीनाकाठचे दादा, तुम्ही लिहिलंत त्यानं किती जणांना धीर येईल सांगता येत नाही. आशाताई ज्या कामाचा भाग म्हणून आल्या असतील त्याला प्रेरणा प्रकल्प म्हणतात. २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी सुरू झाला होता. वाचणाऱ्या इतरांसाठी एक सांगते. मरणाचे विचार येतात हे बोललं तर पोलिसांचं लचांड मागं लागेल म्हणून लोक गप्प बसतात. विचार सांगण्यात कसलाच गुन्हा नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तर प्रयत्न केलेल्या माणसालाही तो तीव्र ताणाखाली होता असं धरून शिक्षेऐवजी उपचार आणि आधार द्यायला सांगितलंय. तेव्हा बोला. आणि समोरच्याला सरळ विचारा. विचारल्यानं त्याच्या डोक्यात नवा विचार शिरत नाही, उलट आतला बाहेर यायला वाट मिळते.

औशाची सून

अकरा दिवसांनी लिहितेय.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. गोळ्या सुरू केल्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढ्यावर तुम्ही उभ्या कशा आहात?

सासूबाईंना विचारलं, परभणीच्या आजींनी सांगितलं तसं. डावा हात हातात घेतला आणि म्हटलं, रात्री तीन आणि पाचला हे आले तर चालेल का? त्यांनी हात दाबला नाही, डोळे मिटून घेतले. मी म्हटलं राहू द्या. तर दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच माझा हात धरला आणि जड जिभेनं "बाळू" म्हणाल्या. बाळू म्हणजे हे. लहानपणचं नाव.

यांना मी धागा वाचून दाखवला नाही, मोबाइल हातात दिला. त्यांनी दुकानात बसून सगळा वाचला. रात्री जेवताना म्हणाले, "मला सांगायचं की." मी म्हटलं, आता सांगितलं. पहिल्या रात्री आडवी चादर ओढताना सासूबाई खाटेच्या कडेला आल्या, आम्ही दोघंही घाबरलो. तिसऱ्या रात्रीपासून मला त्यांचा गजरही ऐकू आला नाही. एकला कूस बदलून झोपले ती साडेपाचला उठले. साडेचार तास सलग, पोळ्यानंतर पहिल्यांदा.

उदगीरच्या नणंदेलाही फोन केला. महिन्यातून चार दिवस येईन म्हणाली. आधी जरा फणकारली, मग विचारलं, आई माझं नाव घेते का. घेतात. तेही कळवलं.

लेकीशी ताटाबद्दल बोलले. ती म्हणाली, "मम्मी, मला वाटलं तू माझ्यामुळं रडतीस." मी ओट्यावर बसते तेव्हा कुणी आलं तर आता तीच दारात उभी राहते आणि सांगते, मम्मी बसलीय, थोड्या वेळानं या.

चोरी केल्यासारखं अजून वाटतं. पहिली पाच मिनिटं वाटतं.

एक विचारायचं होतं. एअर बेड भाड्यानं आणलाय, पण त्याचा पंप रात्रभर घरघर करतो, सासूबाई दचकतात. काही उपाय आहे का?

आजीचा नातू, परभणी

काकू, पंप फरशीवर ठेवला असेल तर फरशी थरथरते, त्याचाच तो आवाज असतो. त्याला मागं हुक असतात, खाटेच्या पायथ्याला अडकवा. हुक बसत नसतील तर खाली जाड गोधडीची घडी घाला. आणि नळी कुठं दुमडली नाही ना तेवढं बघा. आमचा अगदी शांत झाला.

आजी विचारतेय, सासूबाईंना भाकरी चावते का?

औशाची सून

लोखंडी खाट आहे, हुक बसले. खरंच आवाज गेला.

आजींना सांग, भाकरी नाही चावत, पण कण्या ताकात शिजवून दिल्या तर वाटीभर खातात.